डोक्यातली यादी भिंतीवर आणली... घर आणि ऑफिसचा रोजचा ताण तुम्ही कसा कमी करता?

सोनटक्का | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक लवकर झोपलाय म्हणून बसलेच. विषय रोजच्या ताणाचा. आजारपण, कर्ज असलं मोठं काही नाही, देवाच्या दयेने घरी सगळे बरे आहेत, तरीही मला रात्री दोनला दचकून जाग यायची आणि आठवायचं की उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचाय, किंवा गॅस लावायचा राहिला, किंवा दुपारी एकाला मेलचं उत्तर देते म्हटलं होतं ते दिलंच नाही. मग झोप गेलीच.

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. नवरा अंधेरीला, मी ऐरोलीला आयटीत. सासूबाई आमच्याकडेच, मुलगा सहावीत. सकाळी घोडबंदर रोडवरून बस, कापूरबावडी-माजिवड्याला जे काय होईल ते होईल, मग स्टेशन, सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावरून, खाली उतरून ट्रान्स हार्बरची लोकल. म्हणजे दारातून पाच मिनिटं उशिरा निघालं तर ऑफिसला पोचेपर्यंत त्या पाचाची पंचवीस झालेली असतात हे इथल्या सगळ्यांना माहितीच आहे.

गेल्या जूनमध्ये एका दिवसात तीन गोष्टी झाल्या. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आदल्या रात्रीच संपल्या होत्या आणि मी "उद्या आणते" म्हणून विसरले. मुलाचा सहलीचा फॉर्म सही न करता दप्तरातच राहिला. आणि साडेअकराचा कॉल, जो मीच लावला होता, तो माझ्या लक्षातून गेला कारण मी तेव्हा फोनवर केमिस्टशी बोलत होते. संध्याकाळी ठाण्याला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून मी अक्षरशः रडले. शेजारी एक अनोळखी काकू होत्या, त्यांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली, त्यांना अजून आठवते मी.

त्या शनिवारी मी एक शंभर पानी वही घेतली आणि डोक्यात जे जे आहे ते सगळं उतरवलं. क्रम नाही, घर वेगळं ऑफिस वेगळं असं काही नाही. मिक्सरचं भांडं दुरुस्तीला, पीएफचं नॉमिनेशन, आईला फोन, मावसबहिणीच्या बाळाला अजून बघायला गेलो नाही, टीममधल्या नवीन मुलीचं ट्रेनिंग, बाथरूमचा गळका नळ. दोन तास लागले. ११२ गोष्टी निघाल्या! आणि बघितलं तर त्यातल्या निम्म्याहून जास्त पाच-दहा मिनिटांच्या होत्या. मी थकत होते ती कामं करून नाही, ती "विसरायची नाहीत" म्हणून दिवसरात्र धरून ठेवून.

ह्याच्यावर अभ्यासही झालाय. मासिकांपो आणि बाउमायस्टर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोग करून दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम माणूस दुसरं काही करत असताना मधे मधे डोकं वर काढतं, वाचत असाल तर वाचण्यातलं लक्ष जातं. पण ज्यांना त्या कामाचा पक्का बेत करू दिला, म्हणजे कधी, कुठे, कसं करणार, त्यांना तो त्रास जवळजवळ झाला नाही. काम झालेलं नव्हतंच, फक्त बेत झाला होता! हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं ना. म्हणजे ११२ कामं संपवायची गरज नाही, ११२ कामांना जागा द्यायची आहे.

मग काय केलं ते सांगते. स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर दोन बाय तीन फुटाचा पांढरा फळा लावला. त्यावर तीनच रकाने, काय, कोण, कधी. "कोण" मोकळा असेल तर ते काम फळ्यावर जातच नाही, वहीत राहतं. रविवारी संध्याकाळच्या चहानंतर वीस मिनिटं चौघं बसतो, मुलगासुद्धा. येत्या आठवड्यात कुठल्या दिवशी काय आहे, कोणाला उशीर होणार, पाण्याचा शटडाऊन आहे का, कामाच्या ताईंची सुट्टी आहे का, एवढंच. वीस मिनिटं झाली की उठायचं, राहिलेलं राहिलं.

दुसरं म्हणजे दाराजवळचा कोपरा. पाच खुंट्या आणि खाली एक छोटं रॅक. किल्ल्या, ऑफिसचं आयकार्ड, छत्र्या, मुलाचं दप्तर, आणि उद्या बाहेर न्यायची कुठलीही वस्तू रात्रीच तिथे येते, मग ती लाँड्रीचे कपडे असोत की कोणाला परत द्यायचा डबा. सकाळचं "अगं माझं हे कुठंय" बंद झालं, निदान नव्वद टक्के बंद झालं.

तिसरं डब्याचं. आम्ही वार लावून टाकले. सोमवार-गुरुवार कडधान्य, मंगळवार फळभाजी, बुधवार-शुक्रवार पालेभाजी. कडधान्य आदल्या दिवशी सकाळी भिजत घालायचं, रात्री उपसून बांधायचं. सासूबाई म्हणाल्या रोज तेच तेच होईल, पण तसं होत नाही, मटकी, मूग, चवळी, वाल फिरतात. सकाळी सहाला उभं राहून "आज काय करू" हा विचार करायचा नसला की किती हलकं वाटतं ते सांगून कळणार नाही.

ऑफिसचं मी नंतर लिहीन, बोटं दुखली. तुम्ही काय करता ते सांगा ना. मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

चहाबाज | रविवार, रात्री ११:२५

छान लिहिलंय. एक शंका, आमच्याकडेही फळा होता, पहिले दोन महिने सगळ्यांनी लिहिलं, मग त्यावर तीच ती कामं महिनाभर दिसायला लागली आणि नंतर कोणी बघेना. तुमचा टिकला कसा? आणि ऑफिसचं लवकर लिहा, मी महापेला आहे, माझा खरा ताण तिथलाच.

---

अबोली | सोमवार, दुपारी १:५०

सोनटक्का, तुझं लिखाण मनापासून आवडलं, पण एक सांगू का, वाचून मला थोडा रागही आला, तुझ्यावर नाही गं. मी कोपरखैरण्याला, शाळेत शिकवते. मी हे सगळं केलंय. यादी, ॲप, रंगीत चिठ्ठ्या, वार लावून भाज्या. आणि शेवटी काय झालं, ती यादी करणंसुद्धा माझंच काम झालं. नवरा वाईट नाही, उलट "तू फक्त सांग काय आणायचं, मी आणतो" म्हणतो, आणि आणतोसुद्धा. पण ते "सांग" हेच तर काम आहे!!

ॲलिसन डॅमिंजर म्हणून अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०१९ मध्ये ह्यावर अभ्यास केला. घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग सांगितलेत. आधी ओळखणं की काहीतरी लागणार आहे, मग पर्याय शोधणं, मग ठरवणं, आणि मग ते झालं का ह्यावर लक्ष ठेवणं. ठरवताना नवरा-बायको दोघं असतात, पण पहिला आणि शेवटचा भाग, ओळखणं आणि लक्ष ठेवणं, हे बहुतेक बाईकडे. मी हे वाचून आमच्या घराचं चित्र बघितल्यासारखी बसून राहिले.

आणि आपल्याकडचे आकडे तर आहेतच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरात काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि पुरुषांची ९७. हा झाला हाताच्या कामाचा हिशोब. डोक्यातलं चालूच असतं, ट्रेनमध्ये, वर्गात, देवळात.

म्हणून मला वाटतं, व्यवस्थित राहणं हा उपाय तेव्हाच जेव्हा ती व्यवस्था एकटीने ओढायची नसते. नाहीतर मी फक्त जास्त नीटनेटकी दमते.

---

खारफुटी | सोमवार, दुपारी २:१५

अबोली +१००. शेवटचं वाक्य माझ्या बहिणीला पाठवलं.

---

सोनटक्का | सोमवार, रात्री १०:१०

अबोली, तू लिहिलंस ते शंभर टक्के खरं आहे आणि मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, कारण आमचाही फळा पहिल्या महिन्यात ह्याच्यावरूनच अडला. चहाबाज, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही ह्यातच आहे.

पहिला महिना मीच सगळं लिहायचे आणि "कोण"मध्ये नवऱ्याचं नाव टाकायचे. म्हणजे मी मुकादम. त्याला ते आवडेना, मला ते पुरेना. मग एका रविवारी आम्ही कामं वाटायचं बंद केलं आणि खाती वाटली. औषधं हे पूर्ण खातं त्याचं. म्हणजे गोळ्या किती उरल्यात ते बघणं, डॉक्टरची तारीख, रिपोर्टची फाइल, केमिस्टला सांगणं, आईला वेळेवर मिळतायत ना ते बघणं, सगळं. बिलं पण त्याची. शाळा माझी. किराणा माझा. भाजी त्याची, तो येताना जांभळी नाक्यावरून आणतो. मुलाकडे बूट, पाण्याच्या बाटल्या आणि गॅलरीतली झाडं. सासूबाईंनी स्वतःहून कामाच्या ताईंचं सगळं घेतलं, त्यांचे खाडे, पगार, सणाची साडी.

ह्यात मला जड काय गेलं असेल तर गप्प बसणं. दुसऱ्याच आठवड्यात त्याने वीज बिल विसरलं, उशिराचे पैसे पडले. मला बिलाची तारीख पाठ होती! तोंडावर आलं होतं सांगायचं, पण मी सांगितलं असतं तर ते खातं परत माझ्याकडे आलं असतं. त्याने त्या रात्री बसून सगळ्या बिलांना ऑटो-पे लावलं. आता आठ महिने झाले, मला आमचं वीज बिल किती येतं तेही माहीत नाही, आणि हे मला फार छान वाटतं.

ऑफिसचं: तीन गोष्टी केल्या. मेल दिवसातून ठरवून तीनदा, साडेनऊ, दीड आणि साडेचार. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ह्यावर प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, १२४ माणसांना आठवडाभर दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि आठवडाभर हवं तितक्यांदा, तर तीनदावाल्या आठवड्यात ताण कमी निघाला. मी टीमला सरळ सांगून ठेवलंय की अर्जंट असेल तर फोन करा. पहिल्या आठवड्यात वाटलं फोनवर फोन येतील. दोन आले.

दुसरं, निघायच्या आधी दहा मिनिटं राखून ठेवते. कुठे थांबले आणि उद्या पहिलं काय उघडायचं, हे दोन ओळीत लिहायचं. लॅपटॉप बंद. हे लिहिल्याशिवाय मी आता स्टेशनकडे चालायला लागले तर चुकल्यासारखं होतं.

तिसरं, कोणी मधेच काही विचारायला आलं तर उठायच्या आधी हातातल्या कामाची अर्धी ओळ लिहून ठेवते, "इथपर्यंत तपासलं, पुढे तारीख बघायची" अशी. ग्लोरिया मार्क ह्या कॅलिफोर्नियाच्या प्राध्यापक वर्षानुवर्षं ऑफिसातल्या लोकांना घड्याळ लावून बघत आल्यात, त्यांच्या निरीक्षणात मोडलेल्या कामाकडे परत यायला सरासरी २३ मिनिटांच्या आसपास जातात, कारण मधे माणूस आणखी दोन कामांकडे वळतो. आणि २००८ च्या प्रयोगात असंही दिसलं की मधे मधे तोडलं तरी लोक काम वेळेत उरकतात, उलट भराभर करतात, पण ताण आणि वैताग वाढतो. म्हणजे बाहेरून सगळं ठीक दिसतं. हे वाचून मला माझ्या मॅनेजरला काय सांगायचं ते कळलं.

---

टूलरूम | मंगळवार, सकाळी ७:०५

मी रबाळे एमआयडीसीत टूलरूम सांभाळतो, २२ वर्षं झाली. इथे घरातल्या व्यवस्थेवर एवढं बोलणं चाललंय म्हणून आमच्या कारखान्यातलं थोडं सांगतो, कारण मला घरी त्याचाच उपयोग झाला.

आमच्याकडे फाइव्ह एस असतं. जपानी पाच शब्द, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. सोप्या भाषेत नको ते काढा, उरलेल्याला जागा ठरवा, स्वच्छ करा, ठरवलेलं सगळ्यांना सारखं लागू करा, आणि ते चालू ठेवा. लोक दुसऱ्या पायरीपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. डबे आणतात, लेबलं लावतात, पण नको असलेलं सामान तसंच. मग नको असलेल्या सामानाला छान लेबल लागतं. पहिली पायरी काढायची, मगच डबे.

काढताना आपल्या लोकांचा जीव अडकतो, "लागेल कधीतरी". त्याला आमच्याकडे लाल चिठ्ठी असते. ज्या वस्तूबद्दल खात्री नाही तिला लाल चिठ्ठी लावून तारीख टाकायची आणि बाजूला ठेवायची. ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही तर ती गेली. मी घणसोलीला वन बीएचकेत राहतो, माळ्यावर चौदा खोकी होती. सगळ्यांना गुढीपाडव्याची तारीख टाकली, दिवाळीपर्यंत तीनच उघडली. बाकी अकरामधलं कोणाला काही हवं का विचारून, द्यायचं ते दिलं, रद्दीवाल्याचं रद्दीवाल्याला. बायकोच्या आईची जुनी पितळी भांडी होती ती मात्र खाली आणली, घासली, आता वापरात आहेत.

दुसरं, आमच्या भिंतीवर बोर्ड असतो, त्यावर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला. पाना जागेवर नसला की रिकामा आकार दिसतो, शोधायला लागत नाही, विचारायला लागत नाही. घरी मी कात्री, टेस्टर, मेजरिंग टेप, पट्टी ह्यांचं असंच केलंय दाराच्या मागे. मुलीने आकार काढून रंगवले. कात्री नाही म्हणून घरात पूर्वी आठवड्यात एकदा तरी आवाज चढायचा, आता नाही.

तिसरं सगळ्यात उपयोगी, दोन डब्यांची पद्धत. नट-बोल्टचे दोन डबे, पहिला संपला की तो रिकामा डबाच सांगतो मागवा, तोवर दुसऱ्यातलं वापरा. घरी तेल, साखर, चहा, साबण, डाळ ह्यांच्या दोन पिशव्या. दुसरी फोडली की फोडणाऱ्याने यादीत लिहायचं. फोडणाऱ्याने, अबोली मॅडम, हे महत्त्वाचं! आमच्याकडे मुलगी पण लिहिते. कोणाला लक्ष ठेवावं लागत नाही, लक्ष ती पिशवीच ठेवते. ही टोयोटाच्या कानबानची, म्हणजे संपेल तसं मागवायच्या पद्धतीची, मुळातली कल्पना. टोयोटाच्याच तायची ओनो यांना ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली, जेवढं गिऱ्हाईक उचलेल तेवढंच फळीवर परत भरायचं. म्हणजे दुकानातून कारखान्यात आली, मी ती परत घरात आणली.

---

अबोली | मंगळवार, दुपारी १:४५

टूलरूम दादा, "लक्ष ती पिशवीच ठेवते" हे मी वर्गात सांगणार आहे. आणि सोनटक्का, खाती वाटायचं मला सुचलंच नव्हतं. रविवारी बोलते घरी.

पसाऱ्याबद्दल अजून एक आठवलं. लॉस एंजेलिसमध्ये सॅक्स्बी आणि रेपेटी यांनी दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांना स्वतःचं घर कॅमेऱ्यात दाखवत बोलायला सांगितलं, २०१० चा अभ्यास, आणि त्यांचे शब्द मोजले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलंय असे शब्द जास्त, त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये तसा संबंध दिसला नाही. पसारा दोघांच्या डोळ्यासमोर तोच, पण "हे मला करायचंय" असं एकीलाच दिसत असणार, असं मला वाटतं.

---

सेवानिवृत्त_वाशी | मंगळवार, सायं. ६:३०

सर्वांचे अनुभव वाचले. मी ७१ वर्षांचा, सेक्टर ९ मध्ये ३४ वर्षे राहतो. तरुण मंडळींनी कागदपत्रांचा विषय काढला नाही म्हणून लिहितो.

माझे धाकटे बंधू अडीच वर्षांपूर्वी अचानक गेले. दुःख होतेच, पण त्यानंतरचे आठ महिने वहिनींचे जे हाल झाले ते टाळता आले असते. कुठल्या बँकेत किती खाती, लॉकरची चावी कुठली, पॉलिसी चालू का बंद, काही कळेना. सिडकोचे अलॉटमेंट लेटर माळ्यावरच्या एका बॅगेत लग्नपत्रिकांच्या खाली सापडले. एका खात्याला नॉमिनी म्हणून आमच्या आईचे नाव होते, आणि ती जाऊन बारा वर्षे झालेली.

मी त्यानंतर एक जाड फाइल केली. पहिल्याच पानावर हाताने लिहिलेली यादी: बँक खाती, ठेवी, पेन्शन, मेडिक्लेम, डीमॅट, कोणाकडे काय येणे-देणे, आणि मूळ कागद कुठे आहे. मग कप्प्यांमध्ये घराचा करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावत्या, मृत्युपत्र. आधार, लायसन्स डिजिलॉकरमध्येही ठेवले आहे, सरकारी खात्याकडून थेट तिथे आलेले कागद मूळ कागदासारखेच धरले जातात. पासवर्ड मात्र फाइलमध्ये नाहीत, ते बंद पाकिटात वेगळे. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजनानंतर ती फाइल सौ. आणि मी मिळून उघडतो, पानापानाने. पहिल्या वर्षी ती म्हणाली हे अभद्र कशाला. आता तीच आठवण करते.

ह्यात रोजचा ताण कमी झाला का? झाला. पूर्वी एखादा कागद मागितला की माझा रक्तदाब वाढायचा, आता फाइल काढतो.

---

नेरुळ_नाइटशिफ्ट | बुधवार, पहाटे ४:५०

ब्रेकमध्ये वाचतेय. मी नर्स आहे, आयसीयूत. माझ्यासारख्यांना वार आणि वेळ लावून काही जमत नाही, आज सकाळ उद्या रात्र. मी खूप वर्षं स्वतःला बेशिस्त समजत होते, मग कळलं की घड्याळाला बांधायचंच नाही, घटनेला बांधायचं. घरात शिरले की डबा लगेच सिंकमध्ये आणि युनिफॉर्म मशीनमध्ये, बसायच्या आधी. चहा ठेवला की आईच्या गोळ्यांचा डबा बघायचा. पीटर गॉलविट्झर ह्यांनी १९९९ मध्ये ह्यावर लिहिलंय, "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच ठरवलं तर काम होण्याची शक्यता नुसत्या "करायला पाहिजे" पेक्षा बरीच वाढते.

हँडओव्हर हे आमच्याकडचं दुसरं शस्त्र. शिफ्ट बदलताना पेशंटबद्दल चार गोष्टी सांगायच्या, आत्ता काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, आता काय करायला हवं. त्याबाहेरचं नाही. आईला मी आणि बहीण मिळून सांभाळतो, बहीण बेलापूरला. पूर्वी व्हॉट्सॲपवर चाळीस मेसेज, त्यातून भांडणं, "मला सांगितलंच नाहीस". आता आईला एकीकडून दुसरीकडे आणलं की चार ओळी. नवीन काही असेल तर फोन. आमचं भांडण झाल्याला पाच महिने होऊन गेले.

आणि झोप. ड्युटीवरून आल्यावर डोकं फिरत राहतं ना, तेव्हा अंथरुणावर बसून पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहा, फोनमध्ये नको. बेलर विद्यापीठात ५७ जणांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये आला. उद्याची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि जेवढं बारीक लिहिलं तेवढी लवकर झोप. नऊ मिनिटं कमी वाटतात, पण सकाळी आठला पडदे लावून झोपणाऱ्याला विचारा.

---

पारिजात | बुधवार, रात्री ११:३५

सगळ्यांचं वाचलं. छान आहे सगळं. पण मला ह्यातलं काहीच जमत नाहीये आणि वाचून अजून वाईट वाटलं. वही घेतली, लिहायला बसले, दहा गोष्टी लिहिल्यावर छाती धडधडायला लागली आणि वही बंद केली. असं दोन महिने चाललंय. काम कमी आहे खरं तर, घर आवरलेलं आहे, तरी सतत काहीतरी चुकणार असं वाटतं. भूक नाही. ऑफिसला सुट्ट्या घेतेय. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो विचार करू नकोस.

---

नेरुळ_नाइटशिफ्ट | गुरुवार, सकाळी ८:२०

पारिजात, आत्ताच ड्युटी संपली आणि तुझं वाचलं. तू जे लिहिलंयस त्याला यादी हा उपाय नाही, आणि ते जमत नाही ह्यात तुझी काही चूक नाही. घर आवरलेलं असून धडधड, भूक नाही, दोन महिने, हे डॉक्टरला दाखवायचं लक्षण आहे. आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जा, ते थायरॉइड, हिमोग्लोबिन बघतील, कारण त्यानेही असं होतं, आणि गरज असेल तर पुढे पाठवतील. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे काही मोठं संकट नाही गं, आमच्या वॉर्डातल्या दोघी जाऊन आल्यात, आता छान आहेत.

आज रात्रीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६, टेलि-मानस, सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन लावताना नवऱ्याला शेजारी बसव. त्यालाही ऐकू दे.

---

सोनटक्का | गुरुवार, रात्री ९:५०

पारिजात, वही राहू दे आत्ता. मी तुला मेसेज केलाय, वाटलं तर उत्तर दे, नाही दिलंस तरी चालेल. डॉक्टरकडे जायला सोबत हवी असेल तर मी ठाण्यातच आहे, शनिवारी मोकळी आहे.

---

पारिजात | शुक्रवार, सकाळी १०:०५

नंबर लावला होता काल रात्री. बोलले. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. सोनटक्का, ये.

---

अबोली | पुढचा सोमवार, दुपारी १:५५

रविवारी बोललो. दीड तास लागला, मधे दोनदा आवाज चढले, पण बोललो. नवऱ्याने मुलीची शाळा पूर्ण घेतलीय, मी शाळेत शिकवते म्हणून ते कायम माझ्याकडेच गृहीत होतं. आज सकाळी तिच्या पीटीच्या बुटांवरून गोंधळ झाला आणि मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, आत नाही आले. बूट सापडले. कुठे होते ते मी विचारलं नाही.

---

चहाबाज | पुढचा सोमवार, रात्री ८:४०

मी ट्रेनमध्ये बसून तीन दिवस यादी केली, ठाणे ते तुर्भे आणि परत. १४० झाल्या. आता खरा प्रश्न, एवढ्या कामांना "कोण, कधी" द्यायचं तर वर्ष जाईल. काही कामं अशी आहेत जी मला कधीच होणार नाहीत असं दिसतंय, पण खोडायला हात होत नाही. तुम्ही काय केलंत?

---

सोनटक्का | पुढचा सोमवार, रात्री १०:३०

खोडली. ११२ पैकी १९ सरळ खोडली, आणि चार जणांना फोन करून सांगितलं की हे माझ्याकडून होणार नाही, वाट बघू नका. एक भिशी सोडली. एका व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनगिरी दिली दुसरीला. फोन करायला भीती वाटत होती, चौघींपैकी एक थोडी रागावली, बाकी तिघी म्हणाल्या बरं झालं सांगितलंस. उरलेल्यातली जी पाच मिनिटांची होती ती दोन शनिवारी सकाळी बसून संपवली, आणि मोठी जी होती त्यातलं महिन्याला एकच फळ्यावर घेते, ह्या महिन्यात गळका नळ.

खोडलेल्यात पडद्यांना अस्तर लावणं होतं, चार वर्षं डोक्यात होतं ते. हॉलमध्ये अजून तीन वाजता ऊन येतं. सासूबाई तिथेच खुर्ची घेऊन बसतात आता, मटकी निवडत.